अण्णांनी नापास केलेली गिटार

अण्णांच्या हातात माझी गिटार गेली ती आईमुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे काही झालं त्यात ‘मी काय केलं बाई?’ असा चेहरा आईने शेवटपर्यंत ठेवला. गिटार मला लविनाच्या भावाने दिली होती. लविना माझ्या कॉलेजातली, आमच्या चौघींच्या बँडमध्ये ड्रम वाजवायची. तिचा भाऊ कायमचा ऑस्ट्रेलियाला निघाला तेव्हा गॅरेजमधलं सामान वाटत सुटला आणि त्यात ही इलेक्ट्रिक गिटार माझ्या वाट्याला आली. वाजायची छान. दांडी सरळ होती, तारांखालच्या पिकअप शाबूत होत्या, आवाज खणखणीत होता. पण रूप बघवत नव्हतं. कोणीतरी हौसेने तिच्यावर ब्रशने ऑइलपेंट फासला होता. आधी काळा, मग हिरवा, मग फाटकाला देतात तसला निळा. गळक्या पत्र्याखाली राहून त्या सगळ्याचे पोपडे सुटले होते. गळ्यात अडकवली की निळ्या टिकल्या पोटाला चिकटायच्या. तांदळाच्या रिकाम्या पोत्यात घालून मी ती ऑटोतून घरी आणली, तेव्हा शेजारच्या कमलक्कांनी पोत्यात डोकावून विचारलं, ‘सरपणाला फळी आणलीस काय ग?’

आम्ही बेंगळुरात, चामराजपेटेत एका वठारात राहायचो. लांबट अंगण, त्याच्या दोन्ही बाजूंना ओळीने बिऱ्हाडं, मधे पाण्याचा नळ, एक पेरूचं झाड आणि कपडे वाळत घालायच्या सामाईक दोऱ्या. तिथे खासगी असं काही नसायचं. कोणाच्या कुकरची शिट्टी झाली, कोणाकडे भांडण झालं, कोणाच्या पोराला मार बसला, सगळं सगळ्यांना ऐकू जायचं. कमलक्का कन्नडमध्ये बोलायच्या, आम्ही निम्मं मराठी निम्मं कन्नड असं उत्तर द्यायचो आणि कोणाचं काही अडायचं नाही. पुण्याहून पाहुणे आले की आमचं मराठी ऐकून गालातल्या गालात हसायचे. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर आमचे पूर्वज इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. तेव्हापासून क्रियापदं मराठी आणि बाकी जे हाताला लागेल ते. हिवाळा होता, म्हणजे अवरेकाईचे दिवस. पावट्यासारख्या त्या शेंगांचा तेलकट, कोवळा वास त्या दिवसांत बेंगळुरात घराघरातून येतो. आई दाणे रात्रभर भिजत घालायची, आणि सकाळी आम्ही परातीभोवती बसून एकेक दाणा चिमटीत दाबायचो. आतला गर टुणकन उडायचा, साल बोटांत राहायची. मग त्याचं सारू म्हणजे आमटी, त्याचा भात, त्याची उसळ, त्याचं तांदळाच्या अक्की रोटीत घालणं. दोन महिने दुसरं काही म्हणून पोटात जायचं नाही, आणि कोणाला त्याचा कंटाळाही यायचा नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. एका मोठ्या सरकारी फॅक्टरीत ते इन्स्पेक्शनला होते. यंत्रांचे भाग दुसऱ्यांनी बनवायचे, ते अण्णांच्या टेबलावर यायचे, अण्णा डोळ्याला भिंग लावून बघायचे आणि पास किंवा रिजेक्ट म्हणायचे. जन्मभर हेच केलं. घरीही तेच. इस्त्रीची घडी, पोळीची कड, माझं अक्षर, कॅलेंडरचा खिळा, सगळं एकदा त्यांच्या नजरेखालून जायचं आणि कुठेतरी काहीतरी वाकडं सापडायचंच. मग फॅक्टरीने माणसं कमी करायला काढली आणि अण्णांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. नाव स्वेच्छा. इच्छा कोणाची होती ते विचारायची सोय नव्हती. त्यानंतरही ते रोज पहाटे उठायचे, दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे, बूट चढवायचे आणि पायरीवर बसायचे. कोपऱ्यावर फॅक्टरीच्या बसचा भोंगा वाजायचा, बस पुढे जायची, आणि अण्णा वाकून बुटांच्या नाड्या सोडायचे. बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. काही विचारलं तर ‘हूं’, फार झालं तर ‘सरी’, म्हणजे बरं. खोटसुद्धा काढत नव्हते. पोळी करपली तरी गप्प खायचे, आणि आईला त्याचीच धास्ती वाटायची.

एका सकाळी अवरेकाई दाबता दाबता आई मला म्हणाली, ‘त्यांना घे ना तुझ्या त्या कामात.’

‘कुठल्या कामात?’

‘ते काय, गिटार. रंगवणार आहेस ना?’

‘आई, ती माझी आहे. मी करणार आहे.’

‘तुझीच राहील ग. त्यांना नुसतं काहीतरी विचार. असं करू की तसं करू, एवढंच. महिना होत आला, माणूस चार शब्द बोललेलं नाही घरात.’ ती परातीत बघत बोलत होती. ‘विचारून तर बघ. तुझं काय जातंय?’

माझं काय गेलं ते पुढे येईलच. माझा बेत अगदी साधा होता. रंग खरवडायचा, घासायचं, गडद लाल रंगाचे दोन हात मारायचे, आणि नाताळच्या सुट्टीआधी कॉलेजांची जी बँडची स्पर्धा होती तिथे ती लाल गिटार गळ्यात अडकवून उभं राहायचं. त्याच्यापलीकडे मी विचार केला नव्हता. मी दांडीचे स्क्रू काढून ती वेगळी केली, तारा, पिकअप, खटके सगळं उतरवून बिस्किटांच्या डब्यात ठेवलं, आणि नुसतं लाकडी धड घेऊन पायरीवर अण्णांच्या शेजारी बसले. कडेला एक खड्डा होता, अंगठ्याएवढा. तो दाखवून मी विचारलं, ‘अण्णा, हा भरू की राहू दे?’

अण्णांनी धड हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं, उन्हाकडे तिरपं धरून एका डोळ्याने कडेवरून बघितलं. मग उठून आत गेले आणि भिंग घेऊन आले. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. बऱ्याच वेळाने अण्णा म्हणाले, ‘नंदे, हे सगळं काढावं लागेल. मुळापासून.’ एवढं लांब वाक्य त्यांनी कित्येक दिवसांत उच्चारलं नव्हतं. आईने पदर तोंडाला लावला. मला मात्र तेव्हाच उठून पळून जायला हवं होतं.

कारण अण्णांच्या बघण्याला शेवट नव्हता. मी रंग उतरवायचं द्रव फासायचे, त्याने बोटं चुरचुरायची, मग पत्र्याच्या पट्टीने तीन थरांचा तो चिकट लगदा खरवडायचे. अण्णा स्टूल घेऊन शेजारी बसायचे. हात लावायचे नाहीत. हाताची घडी घालून बसायचे आणि म्हणायचे, ‘तिथे हिरवं राहिलं.’ हिरवं काढलं की, ‘पट्टीचा ओरखडा पडला.’ ओरखडा घासला की, ‘आता तिथे खळगा झाला, बोट फिरवून बघ.’ घासायच्या कागदाला आमच्याकडे उप्पुकागद म्हणतात, म्हणजे मिठाचा कागद. त्या उप्पुकागदाने माझ्या बोटांच्या टोकांची सालं निघाली. गिटार वाजवणाऱ्या मुलीची बोटं आधीच घट्टे पडलेली असतात, ते घट्टेसुद्धा गेले. लाकडाची भुकटी दोरीवरच्या कपड्यांवर बसायची, कमलक्का ओरडायच्या, मी सगळं आवरून आत न्यायचे, तर आई ओरडायची की सारवाला थिनरचा वास लागतोय. खरंच लागत होता. त्या वर्षीची अवरेकाई आठवली की माझ्या जिभेवर अजून थिनर येतं.

आता मी सर्जापूर रोडला मुलाकडे राहते, अकराव्या मजल्यावर. खालच्या मजल्यावरचा एक आयटीतला मुलगा शनिवारी बाल्कनीत गिटार घासत बसतो. तोंडाला मास्क, हातात घासायचं छोटं यंत्र, समोर मोबाइलवर कोणीतरी गोरा सांगतोय काय करायचं ते. सोसायटीच्या ग्रुपवर त्याच्याविरुद्ध धुळीची तक्रार येते, मग तो रविवारी करतो. मला त्याचा हेवा वाटतो तो यंत्राचा नाही. त्या गोऱ्याला बोटाने बंद करता येतं, त्याचा.

रंग द्यायची वेळ आली. गाड्यांना मारतात तो लाल रंग मी आणला होता, पण मारायचं यंत्र कुठलं आणणार? डास मारायचा हातपंप धुऊन घेतला आणि त्यात पातळ केलेला रंग भरला. धडाला तार ओवून ते पेरूच्या फांदीला टांगलं. ते असं टांगलेलं, लालभडक, वाऱ्याने हळूहळू फिरणारं बघून कमलक्का पाण्याची घागर तिथेच ठेवून आत पळाल्या आणि खिडकीतून ओरडल्या, ‘अय्यो, काय कापून टांगलंय ते अंगणात?’ त्यांना समजावून येईतो पहिला हात वाळला होता. मला छान दिसत होता. अण्णांनी भिंग लावलं, खिशातून खडू काढला आणि लाल रंगावर पांढरी वर्तुळं काढायला सुरुवात केली. इथे ओघळ. इथे रंगाचे दाणे, संत्र्याच्या सालीसारखे. इथे चिलट चिकटलंय. इथे वाळलाय का बघायला तू अंगठा लावलास. फॅक्टरीत ते असंच करायचे म्हणे, खोट सापडली की भोवती वर्तुळ, आणि भाग परत.

‘अण्णा, स्टेजवर कोणाला दिसणार आहे चिलट?’

‘दिसण्याचा प्रश्न नाही. आहे ना तिथे?’

मी घासलं. पुन्हा मारलं. त्यांनी पुन्हा वर्तुळं काढली. मी पुन्हा घासलं, तर कडेला रंग उडून लाकूड उघडं पडलं, त्याला एक वर्तुळ. अण्णा आता दिवसभर बोलत होते. जेवताना बोलत होते. मी कॉलेजातून आले की चप्पल काढायच्या आत सुरू व्हायचे, ‘दुपारच्या उन्हात बघितलं मी. डावीकडे अजून एक आहे.’ बूट घालून पायरीवर बसणं बंद झालं होतं, बसचा भोंगा वाजायचा तेव्हा ते पेरूखाली भिंग घेऊन उभे असायचे. आईचा चेहरा इतका उजळला होता की तिच्याकडे तक्रार करायची सोय उरली नव्हती. मी काही बोलायला गेले की ती म्हणायची, ‘स्वल्प सोस ग. किती बोलतायत बघ ना.’ ऐकत होते मीच.

लविना एकदा बघायला आली. स्पर्धा जवळ आली होती, सराव मी उसन्या गिटारवर करत होते, आणि बाकीच्या दोघींना वाटायला लागलं होतं की माझी गिटार ही नुसतीच गोष्ट आहे. अण्णांनी तिला खुर्ची दिली, भिंग दिलं, आणि ओघळ कसा ओळखायचा ते अर्धा तास समजावलं, मोडक्या इंग्रजीत. लविना मान डोलवत ऐकत राहिली. फाटकापर्यंत सोडायला गेले तर म्हणते, ‘तुझे बाबा किती गोड आहेत ग.’

‘घेऊन जा,’ मी म्हटलं. ‘खरंच. डबा मी पाठवीन.’

मग ती सकाळ आली. त्या सकाळी हात अगदी नीट बसला होता. मी श्वास रोखून पंप मारला होता, आणि रंग वाळल्यावर त्यात पेरूची पानं दिसत होती, एकेक शीर दिसेल अशी. मला इतका आनंद झाला की मी आईला हाताला धरून बाहेर आणलं. आई म्हणाली, ‘अगोबाई, आरशासारखं झालं की!’ एवढ्यात अण्णा आले. तार धरून धड हळूच फिरवलं, मागे वळवलं, वाकले, भिंग लावलं. आणि खिशात हात घातला.

‘अण्णा, खडू काढू नका.’

‘एकच आहे. छोटंसं. बघ, इथे—’

मी त्यांच्या हातातून खडू ओढून घेतला आणि अंगणात भिरकावला. मी ओरडले, आणि वठारात ओरडलेलं कुठे जातं ते वर सांगितलंच आहे. ‘जन्मभर दुसऱ्यांनी केलेल्या कामाची खोट काढलीत अण्णा! स्वतः एक तरी वस्तू केलीत का कधी? एक? हात तरी लावलात का याला? नुसतं बसायचं आणि वर्तुळं काढायची!’

कमलक्कांचा रेडिओ बंद झाला. नळावरच्या बायका थांबल्या. अण्णांनी भिंग मिटून खिशात ठेवलं, आत जाऊन चपला घातल्या आणि फाटकाबाहेर गेले. आई माझ्याकडे बघत उभी राहिली. मारलं असतं तर बरं, असं ते बघणं होतं. ‘आत्ता कुठे माणूस बोलायला लागलं होतं,’ एवढंच ती म्हणाली आणि आत गेली. त्या दिवशी माझं ताट तिने वाढलं नाही. मीही मागितलं नाही, डब्यातले चुरमुरे खाल्ले.

इथे मी पश्चात्ताप लिहीन असं कोणाला वाटत असेल तर तसं होणार नाही. माझी मुलगी हा प्रसंग ऐकते तेव्हा म्हणते, ‘आई, तू किती कठोर बोललीस.’ बोलले खरी. पण मला अजूनही वाटतं की तो प्रश्न कोणीतरी विचारायला हवा होता, आणि आई तो विचारणार नव्हती. मात्र त्याचं उत्तर मला लगेच मिळेल आणि ते इतकं महागात पडेल, याची मला कल्पना नव्हती.

अण्णा दिवे लागायच्या सुमारास परत आले. काखेत पुडकं होतं. जेवले आणि झोपले. सकाळी मी केस पुसत बाहेर आले तर पेरूच्या फांदीला नुसती तार लटकत होती. खाली अण्णा मांडी घालून बसले होते, अंगात बनियन, आणि डोक्यापासून पोटापर्यंत लाल. भुवया लाल, कानातले केस लाल. मांडीवर माझ्या गिटारचं धड होतं, आणि त्याच्यावर रंगाचा एक ठिपका उरला नव्हता. पुडक्यातल्या उप्पुकागदाने सगळा आरसा घासून त्यांनी लाकूड उघडं केलं होतं.

मी म्हटलं, ‘अण्णा, हे काय केलंत?’

‘मी करतो,’ ते वर न बघता म्हणाले. ‘तू म्हणालीस ना, हात लावला नाही. आता मी करतो. पहिल्यापासून.’

स्पर्धा चार दिवसांवर होती. मी पायरीवर मट्ट्‌कन बसले. त्यांनी अक्षरशः माझं ऐकलं होतं. उसनी गिटार मालकिणीने त्याच आठवड्यात परत मागितली होती, लविना रोज विचारत होती, आणि माझे वडील मन लावून, जीभ दातांत धरून, लाकडावर कागद फिरवत होते. मी आईकडे बघितलं. आई घाईने आत गेली, काहीतरी उतू चालल्यासारखी.

रंग त्यांनीच कालवला, पंप त्यांनीच मारला. आणि तिकडे मद्रासच्या बाजूला समुद्रात वादळ उठलं. मद्रासला वादळ आलं की आमच्याकडे आभाळ खाली उतरतं आणि दोन-तीन दिवस नुसती भुरभुर लागते, ना पाऊस ना ऊन. अशा हवेत गाडीचा रंग मारू नये हे कोणीही सांगेल. अण्णांनी धड व्हरांड्यात टांगून मारला. रंग वाळायच्या ऐवजी पांढुरका पडायला लागला, लाल रंगावर कोणी ताक सांडावं तसा. खालच्या कडेला ओघळ जमले आणि तिथेच थिजले. अण्णा त्याच्याभोवती फिरत राहिले. बसले, उठले, फुंकर मारली. मग त्यांनी जे केलं ते मी स्वतःच्या डोळ्यांनी खिडकीतून बघितलं. वाळलाय का बघायला अंगठा टेकवला. मला ज्याबद्दल त्यांनी आठवडाभर बोल लावला होता, तोच अंगठा.

थोड्या वेळाने त्यांनी मला हाक मारली. भिंग माझ्या हातात दिलं. ‘बघ.’

मी भिंग डोळ्याला लावलं. एवढे दिवस ते माझ्या डोक्यावर होतं, पण त्यातून मी कधी बघितलं नव्हतं. बघितलं तर काय नाही दिसलं! ओघळ, दाणे, एक केस, अंगठ्याच्या रेषा, आणि सगळ्यावर ती पांढरी साय. मी सावकाश सगळं बघितलं, मागची बाजूसुद्धा. अण्णा हात मागे बांधून उभे होते, अंगावर लाल शिंतोडे, परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या पोरासारखे. खोटं बोलणं सोपं होतं. आई दारातून मला डोळ्यांनी तेच सांगत होती. पण मला ते जमलं नाही. वैतागामुळे म्हणा, नाहीतर त्यांच्याच पोटची म्हणून म्हणा.

‘रिजेक्ट,’ मी म्हटलं.

अण्णांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. आईलाही तसंच वाटलं, ती पुढे झाली. पण ते हसत होते. आधी आवाज न करता, मग मोठ्याने, मग खोकला येईपर्यंत, भिंतीला हात टेकून. ‘अंगठा,’ ते म्हणत होते, ‘अंगठा बघितलास? मी! मी अंगठा लावला!’ त्यांना बघून आईला हसू फुटलं, आणि मला हसायचं नव्हतं तरी मीही हसले.

मग ते पायरीवर बसले, समोर भुरभुर चालू होती. म्हणाले, ‘तिकडे डब्याच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी कोणी बसायचं नाही, ठाऊक आहे? मी कँटीनमध्ये शिरलो की लेथवरची पोरं उठून दुसरीकडे जायची. खोटकाढ्या आला म्हणायची. मला ऐकू यायचं.’ त्यांनी नखाखालचा लाल रंग दुसऱ्या नखाने उकरला. ‘मला वाटायचं, चांगलं बनवायचं सोडून आळस करतात लेकाचे. एवढं सोपं काम. एवढं सोपं... नंदे, हात स्थिर राहत नाही ग. धरून ठेवला तरी राहत नाही.’

मला त्यांच्याबद्दल खूप वाईट वाटलं. आणि त्याच वेळी हेही वाटत होतं की स्पर्धा परवा आहे आणि माझी गिटार ताकात बुडवल्यासारखी लटकते आहे. दोन्ही एकदम वाटतं माणसाला. कोणतं आधी बोलून दाखवायचं ते कळत नाही. आईच बोलली. ‘माळ्यावर ती चपड्याची बाटली आहे की,’ ती म्हणाली. ‘दाराला पॉलिश केलं तेव्हाची. स्पिरिटातलं ते, चोळलं की वाळतं. आणि आता दोघांनी मिळून करा. एकाने करायचं आणि दुसऱ्याने बोलायचं, हे माझ्या घरात साकु, पुरे झालं.’

दुसरा दिवस त्यातच गेला. दोघांनी मिळून तो साय धरलेला लाल रंग घासून काढला. तो सगळा वेळ आईने स्टोव्ह पेटवू दिला नाही, घरात स्पिरिट आहे म्हणाली, आणि कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलातून इडली-वडे आले. आतल्या खोलीत, दारं लावून, टेबलफॅन सुरू ठेवून, मी मलमलीच्या चिंधीत कापूस गुंडाळून चपडा चोळत होते आणि अण्णा धड धरून होते. मग ते चोळायचे, मी धरायचे. लाल रंग लाकडाच्या रेषांत जिथे जिथे मुरला होता तिथून तो काही निघाला नाही. त्यामुळे पान खाऊन चूळ भरलेल्या तोंडासारखं ते लाकूड दिसत होतं. अण्णांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. तिसऱ्यांदा म्हणाले, ‘तिथे जरा...’ आणि माझ्याकडे बघून स्वतःच चिंधी घेऊन तिथे जरा चोळलं. दांडी बसवायची खाच रंगाने भरून आली होती, दांडी आत जाईना. ती मी पटाशीने खरवडली. वायरी जोडल्या, तारा चढवल्या, आणि स्पर्धेच्या दिवशी सकाळी ती गिटार वाजली.

स्पर्धेचं सांगण्यासारखं फारसं नाही. आम्हाला बक्षीस मिळालं नाही. आमचा नंबर शेवटून लवकर सापडला असता. लविनाच्या ड्रमचं एक स्टँड दुसऱ्या गाण्यात खाली बसलं, आमची गाणारी एक कडवं विसरली, आणि अ‍ॅम्प्लिफायर मधूनच शिट्टी मारत होता. आई रेशमी साडी नेसून आली होती आणि पहिल्या रांगेत कानांत बोटं घालून, पण हसऱ्या चेहऱ्याने बसली होती. अण्णा बसलेच नाहीत. हॉलच्या कडेला खांबाला टेकून उभे राहिले, आणि शेजारच्या कोणा मुलाला काहीतरी समजावून सांगत होते, स्टेजकडे हात करून, सबंध दोन गाणी. तो मुलगा मान डोलवत होता. काय सांगत होते कोण जाणे. मी विचारलं नाही, मला उगीच नवीन काही सुरू व्हायला नको होतं.

पण सुरू व्हायचं ते झालंच. चपड्याचा वास कमलक्कांच्या घरात गेला होता. त्यांनी विचारलं, आमच्या झोपाळ्याच्या फळीला कराल का हो तसं? अण्णांनी केलं. मग त्यांच्या भावजयीची खुर्ची आली. मग पलीकडच्या बिऱ्हाडातलं देवघर, कोणाचा पाट, कोणाच्या रेडिओचं खोकं. व्हरांड्यात चालायला वाट उरली नाही. अण्णा आता स्वतः घासायचे, स्वतः चोळायचे, स्वतःच भिंग लावून स्वतःला रिजेक्ट करायचे आणि वस्तू वेळेवर द्यायचे नाहीत. म्हणजे आता वैतागायला मी एकटी नव्हते, वठारच होतं. संध्याकाळ झाली की कोणी ना कोणी फाटकाशी यायचं आणि वाद सुरू व्हायचा. ‘अहो राव, बरं दिसतंय की! द्या ना आता.’ ‘कुठे बरं दिसतंय? इकडे या. असं उन्हात धरून बघा.’ ‘पुढच्या आठवड्यात पोरीला बघायला येणार आहेत, पाट नको का?’ ‘पाट चांगला नको का?’ कमलक्का मधे पडायच्या, त्यांचं आणि अण्णांचं जुंपायचं, अण्णांचा आवाज चढायचा, त्यांच्यावर कमलक्कांचा चढायचा.

लविनाच्या भावाचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर गिटारबरोबरच माझ्याकडे आला होता. मी आतल्या खोलीत खाटेवर बसून सराव करायचे. एवढे दिवस त्या घरात मी आवाजाचं बटण कधी पहिल्या खुणेच्या पुढे नेलं नव्हतं, अण्णा पायरीवर तसे गप्प बसलेले असताना हात धजायचा नाही. आता बाहेर झोपाळ्याच्या फळीवरून असं काही पेटलं होतं की मला माझी गिटारच ऐकू येईना. मी दोनदा थांबले. तिसऱ्यांदा उठले, दार लोटलं, आणि बटण सरळ शेवटपर्यंत फिरवलं.